रेषा एकदा, रंग दर वेळी

हाताने बनवलेल्या ईस्टर कार्डात नेमकं हाताने काय बनवलेलं असतं?

ईस्टर दरवर्षी सरकतो, २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मधल्या एखाद्या रविवारी येतो. त्याच्या आधीचे काही आठवडे अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये अनेक घरांतल्या जेवणाच्या टेबलावर एक उद्योग चालतो. जाड पांढरा कागद मधोमध दुमडायचा. रबरी ठसा शाईच्या पॅडवर दाबून कागदावर उठवायचा. त्यातून टेकडीवरचे क्रूस, कुंपणाशी उभं कोकरू, लिलीची फुलं किंवा टोपलीतली अंडी उमटतात. शाई वाळली की ब्रशने दोन-तीन साधे रंग भरायचे: फिका पिवळा, कोवळा हिरवा, जरासा जांभळा. शाई पाण्याने न पसरणारी हवी, नाहीतर ब्रश लागताच कोकराचे पाय कुरणात वाहून जातात.

म्हणजे चित्र काही कार्ड करणाऱ्याने काढलेलं नसतं. ते दुसऱ्याच कुणीतरी काढलेलं, कारखान्यात ठसा होऊन दुकानात आलेलं. मी दिवसभर कोड लिहिते. दुसऱ्याची लायब्ररी आणायची, तिच्यावर आपल्या चार ओळी लिहायच्या आणि ‘मी बनवलं’ म्हणायचं, हे आमच्या धंद्यात रोजचं आहे. त्यामुळे या कार्डांना ‘हाताने बनवलेलं’ म्हणणं ही फसवणूक आहे का, हा प्रश्न मला जवळचा वाटला. उत्तर शोधत मी सहाशे वर्षं मागे गेले.

इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात एक लाकडी ठशाचं चित्र आहे. संत ख्रिस्तोफर बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडतोय. चित्रावर १४२३ हे साल कोरलेलं आहे. रेषा लाकडी ठोकळ्यावरून छापलेल्या, रंग मात्र हाताने भरलेले. त्या काळातल्या जर्मन मुलखातल्या अशा चित्रांत छायाप्रकाश जवळजवळ नसतो. रेषा मोकळ्या सोडलेल्या असतात, कारण मधली जागा रंगासाठीच राखलेली असते. आजचा रबरी ठसा नेमका असाच कोरलेला असतो. ज्याला चित्रकाराकडून चित्र काढून घेणं परवडत नव्हतं, त्याच्या भिंतीपर्यंत देव पोचला तो या वाटणीमुळे: रेषा एकदाच कोरायची, रंग दर प्रतीला नव्याने भरायचा.

१८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागलं. १८४३ मध्ये हेन्री कोल या अधिकाऱ्याने नाताळच्या शुभेच्छांसाठी हजारेक कार्डं छापून घेतली. ते पहिलं व्यापारी नाताळ कार्ड मानतात. त्यातही रेषा दगडावरून छापलेल्या आणि रंग हाताने भरलेले. किंमत एक शिलिंग, म्हणजे कामगाराला न परवडणारी. ईस्टरची कार्डं त्यानंतर, याच लाटेत आली.

रंग भरणारे हात कुणाचे होते? न्यूयॉर्कच्या करिअर अँड आइव्ज या कंपनीत घराघरांत लावायची चित्रं छापली जात. एका लांब टेबलाभोवती बायका बसत, त्यांतल्या बऱ्याच जर्मनीहून आलेल्या. प्रत्येकीकडे एकच रंग. एकीने आभाळ निळं करायचं आणि कागद पुढे सरकवायचा, दुसरीने गवत हिरवं करायचं. चित्रावर कंपनीचं नाव असे, या बायकांचं नसे. ‘हाताने रंगवलेलं’ याचा अर्थ तेव्हा ‘कुणीतरी आपुलकीने केलेलं’ असा नव्हताच. हात यंत्रापेक्षा स्वस्त पडत होते, एवढाच त्याचा अर्थ होता.

मग ते गणितही बदललं. बॉस्टनच्या लुई प्रँगने प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून रंगीत छपाई इतकी सुधारली की ब्रशची गरजच उरली नाही. त्याच्या छापखान्यातून नाताळची कार्डं निघाली, ईस्टरचीही. याच तंत्रावर १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या. गंमत अशी की, छापून आलेल्या त्या सरस्वतीला काही ठिकाणी लोकांनी पुन्हा हाताने जर आणि टिकल्या लावल्या. चित्रात करण्यासारखं काहीच शिल्लक नव्हतं, तरी माणसांनी आपल्यासाठी काम शोधून काढलं.

रबरी ठसाही सुरुवातीला भावनेचा नव्हता. गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णतेने रबर टिकाऊ करायची युक्ती शोधली. त्यानंतर अमेरिकेत सुरुवातीचे रबरी शिक्के तयार झाले ते दंतवैद्यांच्या भट्ट्यांत, जिथे कवळीचं रबर पक्कं केलं जाई. शिक्का गेला तो कचेरीत, तारीख आणि सही उठवायला. माणसाचा वेळ वाचवायला जन्मलेलं हे हत्यार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हौशी लोकांनी घरी आणलं आणि त्याने वेळ खर्च करायला सुरुवात केली.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. सगळं हाताने केलेलं असं या कार्डात काहीच नसतं, १४२३ च्या चित्रातही नव्हतं. बदललं ते एवढंच, की हात कुठे थांबणार आणि तो कुणाचा असणार हे तेव्हा मालक ठरवायचा, आता कार्ड करणारा ठरवतो. न्यूयॉर्कच्या टेबलावरची बाई जे काम पोटासाठी करत होती, तेच काम आज कुणीतरी पदरचे पैसे मोडून शाई-ठसे आणून करतं आणि कार्ड पोस्टात टाकतं.

आज एका वाक्यावर चार सेकंदांत चित्र तयार होतं. ते ईस्टरच्या कोकराचंही होईल, बहुधा माणसाच्या चित्रापेक्षा सफाईदार. पण एखाद्या कार्डावर हिरवा रंग कुंपणाच्या रेषेबाहेर गेलेला दिसतो, तेव्हा पाहणाऱ्याला कळतं की आपलं नाव मनात ठेवून कुणीतरी इथे वीस मिनिटं बसलं होतं. ठसा लाखोंना तोच मिळतो. ती वीस मिनिटं मात्र एकालाच देता येतात.