अनवाणी पाय आणि धावपटूचा जोडा

गोल्फला काठी हवी, टेनिसला जाळी हवी. लांब पल्ल्याच्या धावणाऱ्यास मात्र दोन पाय पुरेत, असा समज रूढ आहे. तो कितपत खरा, हे पाहावयाचे तर त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाडा या आदिवासी वस्तीकडे वळले पाहिजे. तत्पूर्वी थोडे मागे जावे लागेल.

१९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावली. शास्त्रोक्त शिक्षण नाही, नियमांची माहिती नाही. तरीही त्यांच्या वेळा अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांस युरोपातील वेळांशी तुलनेस उतरणाऱ्या वाटल्या. त्यातूनच १९२० साली हिंदी खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावा आला. आणि ती शर्यत आजच्याहून अर्धा किलोमीटर लांब होती! एकोणिसाव्याचे नाव कोण लक्षात ठेवतो म्हणा.

पुढे १९६० साली इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने रोमची मॅरेथॉन अनवाणी जिंकली. परंतु १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून मातीच्या धावपट्टीची जागा कृत्रिम पट्टीने घेतली आणि अनवाणी पायाचे राज्य ओसरू लागले. शिक्षणही पालटले. चेकोस्लोव्हाकियाच्या झाटोपेकने ठराविक अंतर वेगाने तोडून मध्ये मोजका विसावा घेण्याच्या पद्धतीस जगभर मान्यता मिळवून दिली. नुसते पुष्कळ धावणे म्हणजे तयारी नव्हे, हे तेव्हा सर्वांस उमगले.

सावरपाड्याची कविता राऊत १९८५ सालची. जोडा परवडत नसल्याने तिची सुरुवातही अनवाणीच झाली. नाशिकला प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांनी तिच्या उपजत दमाला शिस्त लावली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळविले. त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत रौप्यपदक. सुवर्ण भारताच्याच प्रीजा श्रीधरनकडे गेले, एका सेकंदाहूनही कमी अंतराने. डोंगराळ पाड्याने दम दिला हे खरे. पण पदकाला जोडा, पट्टी आणि जाणता गुरू हे तिन्ही लागले. ही त्रयी न मिळाल्याने अशा किती पोरी पाड्यातच राहिल्या असतील!

२०१७ नंतर तळव्यात कार्बनची पट्टी घातलेले जोडे आले आणि विक्रम भराभर मोडू लागले. अखेर २०२० साली जागतिक संघटनेस रस्त्यावरील शर्यतींसाठी तळव्याची जाडी ४० मिलिमीटरवर रोखावी लागली. तो निर्बंध रास्तच म्हटला पाहिजे, कारण असा महाग जोडा पाड्यावरच्या मुलीस सहसा मिळावयाचा नाही.

तथापि सारे श्रेय जोड्याला देणेही चूक. २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटीस कविताने २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली. ऑगस्टमध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये त्याच पायांना २ तास ५९ मिनिटे २९ सेकंद लागले.