छायाचित्रांचे फॉरमॅट आणि रूपांतर

फोटोतल्या रंगबिंदूंची नोंद संगणकात ज्या रीतीने ठेवली जाते, तिला फाइलचा फॉरमॅट म्हणतात. ती नोंद एका रीतीतून दुसरीत नेणे म्हणजे रूपांतर. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगरात, म्हणजे जुन्या वाढोण्यात, या विषयाशी माणसाची गाठ पडते ती आपले सरकार सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात. दाखला असो की नोकरीचा अर्ज, फोटो ठरलेल्या मापात अपलोड झाल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. अर्जाच्या शेवटच्या तारखेला काही केबींवर पोराचे वर्ष अडते.

बँकभरती घेणाऱ्या आयबीपीएसचे माप उदाहरणादाखल घेता येईल. फोटो २०० × २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० × ६० पिक्सेल, १० ते २० केबी. मोबाइलमधला १२ मेगापिक्सेलचा फोटो मात्र ४००० × ३००० पिक्सेलचा आणि बहुधा काही एमबींचा असतो. पुष्कळजण पिक्सेल तसेच ठेवून नुसता दर्जा उतरवत जातात आणि चेहऱ्यावर चौकटी उमटतात. आधी फोटो क्रॉप करावा, मग पिक्सेल कमी करावेत, दर्जाला हात सगळ्यात शेवटी लावावा. २०० × २३० म्हणजे ४६,००० बिंदू. प्रत्येकी तीन बाइट धरले तरी कच्चा फोटो सुमारे १३५ केबींचाच होतो. तो ५० केबीत बसवायला एक-तृतीयांशापर्यंत आणला की पुरते आणि चेहरा स्वच्छ राहतो. फाइल २० केबींच्या खाली गेली, तर मूळ फोटोवरून जास्त दर्जाने नवी फाइल करावी.

मूळ फोटोवरूनच, कारण जेपीजी बदल करून जतन करताना दर वेळी थोडी माहिती गाळतो. १९९२ साली मान्य झालेले हे मानक फोटोचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडते आणि डोळ्याला कमी जाणवणारे बारकावे सोडून देते. त्यामागचे गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. जगभरातले कोट्यवधी फोटो आज याच गणितावर चालतात, ही गोष्ट आपल्याकडच्या शाळांतून सांगितली गेली पाहिजे.

पीएनजी (१९९६) काहीच गाळत नाही. त्यामुळे अक्षरे, आकृत्या, शिक्के आणि स्क्रीनशॉट यांना तो योग्य; फोटोसाठी फाइल फार फुगते. गूगलचा वेबपी २०१० चा, संकेतस्थळांसाठी सोयीचा. आयफोनमध्ये २०१७ पासून एचईआयसी आला. तो जागा वाचवतो, पण अनेक सरकारी अर्जांना चालत नाही. अशा वेळी फाइलच्या नावामागचे शेपूट बदलून ‘जेपीजी’ लिहिल्याने भागत नाही. आतला मजकूर जुन्याच रीतीचा राहतो आणि तो तपासणारी प्रणाली फाइल परत करते. फोटो उघडून जेपीजी म्हणून जतन केला, तरच रूपांतर होते.

यात्रेचे किंवा वाढदिवसाचे फ्लेक्स छापताना उलटी अडचण येते. व्हॉट्सअॅपवर साध्या दर्जात पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. दहा फुटांच्या बॅनरवर तो ताणला, तर इंचाला जेमतेम १३ बिंदू मिळतात. तो नंतर पीएनजी किंवा टिफ केला तरी गेलेले बिंदू परत येत नाहीत. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, की मूळ फाइल जशीच्या तशी पोचते.

मराठवाड्यात फॉरमॅटची निवड सर्वांत जोखमीची ठरते ती जुन्या कागदांबाबत. हा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणून इथल्या महसुली नोंदी मोठ्या प्रमाणात उर्दूत आणि मोडीत आहेत. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तो घेणाऱ्या न्या. संदीप शिंदे समितीमुळे ही दप्तरे घरोघरी चर्चेत आली. उर्दूत बे, पे आणि ते या अक्षरांचे अंग एकच. नुक्ते किती आणि वर की खाली, यावरून ती ओळखायची. दर्जा फार उतरवलेल्या जेपीजीत हे नुक्ते कागदावरच्या डागांत मिसळतात आणि आडनाव वेगळे वाचले जाऊ शकते. म्हणून अभिलेखागाराच्या कामात मूळ स्कॅन टिफमध्ये, काहीही न गाळता ठेवतात. हा फॉरमॅट आल्डस कंपनीने १९८६ मध्ये आणला. फाइल जड होते, पण लोकांना देण्यासाठी हलकी पीडीएफ किंवा जेपीजी प्रत तिच्यावरून केव्हाही काढता येते.