छायाप्रकाशावरून पृष्ठभागाचा आकार

एकाच छायाचित्रातील कमी-अधिक उजळपणावरून पृष्ठभागाचा उंचसखलपणा संगणकाद्वारे ठरविण्याची पद्धत बर्थोल्ड हॉर्न यांनी १९७० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील आपल्या प्रबंधात गणिती स्वरूपात मांडली.

प्रकाशाकडे वळलेला भाग उजळ, तर त्यापासून कललेला भाग काळसर दिसतो, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय. मात्र प्रकाशाची दिशा ज्ञात नसल्यास खळगा उंचवट्यासारखा भासतो; गडद डाग आणि उतार यांतही गल्लत होते. चंद्रावर यान उतरविण्याची जागा निवडताना अशी चूक परवडणारी नसते. तेथे सूर्याची दिशा नेमकी ठाऊक असल्याने ही पद्धत उपयुक्त ठरते.

कॅमेरा व वस्तू स्थिर ठेवून प्रकाशाची दिशा बदलत अनेक छायाचित्रे घेतल्यास संभ्रम बराच कमी होतो. मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे प्राध्यापक सुभाशिष चौधुरी यांनी मंजुनाथ जोशी यांच्यासह लिहिलेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशा छायाचित्रांवरून आकाराबरोबरच प्रतिमेतील बारकावेही अधिक स्पष्ट करण्याच्या पद्धतीचे विवेचन आहे.