मुद्राराक्षस आणि जुळारी

छापील मजकुरात चूक आढळली की आपण ती मुद्राराक्षसाच्या नावावर टाकतो, आणि मनातून बोल लावतो तो खिळे जुळवणाऱ्याला. त्याचे नाव अंकावर कुठेच नसते. म्हणून तो सोयीचा आरोपी! या न्यायाची एक मौजेची उलटतपासणी १९४८ साली अमेरिकेत झाली.

त्या वर्षी २ नोव्हेंबरला अध्यक्षपदाची निवडणूक होती. रिपब्लिकन ड्यूई जिंकणार, हॅरी ट्रूमन पडणार, असे पंडितांनी आधीच ठरवून टाकले होते. ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ने मोजणी पुरी होण्याची वाटच पाहिली नाही. ३ तारखेच्या अंकावर मथळा झळकला : ‘ड्यूईने ट्रूमनला हरविले’. सुमारे दीड लाख प्रती छापल्या गेल्या. प्रत्यक्षात ट्रूमनना निर्वाचकांची ३०३ मते मिळाली, ड्यूईंना १८९. सेंट लुईच्या स्टेशनावर ट्रूमननी हसत हसत तो अंक उंच धरला आणि ते छायाचित्र जगभर गेले.

इतके पुष्कळांना ठाऊक असते. पण मंडळी, त्या अंकाला जुळाऱ्यांचा हात लागलेलाच नव्हता! नोव्हेंबर १९४७ पासून शिकागोचे जुळारी संपावर होते. संघटनेच्या सभासदांनाच कामावर घ्यावे, ही त्यांची जुनी वहिवाट टाफ्ट-हार्टले कायद्याने बेकायदा ठरवली होती. संपाला शह म्हणून मालकांनी मजकूर टाईपरायटरवर उतरवून, त्याचे फोटो काढून ठसे करण्याची युक्ती काढली. तिला वेळ फार लागे, म्हणून अंक काही तास आधीच बंद करावा लागे. निकालाआधी मथळा ठरवणे आले ते यामुळे. मुख्य बातमीच्या काही ओळी उलट्या छापल्या गेल्या त्या निराळ्याच.

उलट्या ओळी हा सरावाचे हात नसल्याचा परिणाम. मथळा मात्र संपादकांच्या मेजावरचा. वॉशिंग्टनचे जुने बातमीदार आर्थर सीअर्स हेनिंग यांनी ड्यूईंची ग्वाही दिली होती.

आणखी एक गंमत पाहा. हाच कायदा ट्रूमननी १९४७ मध्ये नाकारला होता; काँग्रेसने तो त्यांचा नकार डावलून मंजूर केला. पुढच्या वर्षी अनेक कामगार संघटना ट्रूमनसाठी राबल्या. ज्यांना छापखान्याबाहेर ठेवले, त्यांच्याच भाईबंदांनी मथळा खोटा पाडायला हातभार लावला!

आज खिळे गेले, जुळारीही गेले. तरीही चूक दिसली की आधी विचारावे : मजकूर कोणी लिहिला, घाई कोणी केली, आणि हात चालवणाऱ्याला तपासायला वेळ किती दिला?