दोन कल्याण आणि एक चप्पल

टिटवाळ्यात राहणाऱ्या माणसाला 'कल्याण' म्हटलं की एकच गोष्ट आठवते: सकाळच्या लोकलमध्ये घुसणारा लोंढा. पण इतिहासात आणखी एक कल्याण आहे. बिदर जिल्ह्यातलं, आजचं बसवकल्याण, मराठी मुलखाला अगदी खेटून. चामड्याच्या कामाची गोष्ट सांगायची तर त्या कल्याणला उतरावं लागतं, आपल्या जंक्शनवर नाही. :)

आता हा विषय मध्येच कुठून आला? तर मंडळी, कॉलेजात असताना मला चामड्याची पाकिटं, पट्टे बनवायचा नाद होता. नोकरी लागली, रिलीज आणि ऑनकॉलच्या फेऱ्यात हत्यारं माळ्यावर गेली. गेल्या काही महिन्यांत ती परत खाली आलीत. ह्या वेळी नुसतं कापणं-शिवणं नाही, चामड्यावरचं नक्षीकाम नीट शिकायचं ठरवलंय. आणि नक्षी शिकताना पहिला धडा मिळतो तो केमिस्ट्रीचा, दुसरा थेट इतिहासाचा.

आधी केमिस्ट्री. कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं. ते कुजू नये म्हणून कमवावं लागतं. जुनी पद्धत झाडांची: बाभळीची साल आणि हिरडा. त्यांतलं टॅनिन तंतूंना धरून बसतं आणि काही आठवड्यांनी कातड्याचं चामडं होतं. दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झने १८८४ साली तिचं पेटंट घेतलं. काम एक-दोन दिवसांत, चामडं मऊ आणि स्वस्त. आज जगातलं बहुतेक चामडं असंच बनतं. पण नक्षीला ते बेकार. ठसा मारा, थोड्या वेळाने परत वर येतं. सालीत कमावलेलं चामडं मात्र जरा ओलं केलं की मातीसारखं ऐकतं आणि वाळल्यावर ठसा धरून ठेवतं.

'जरा ओलं' म्हणजे किती, हीच सगळी मेख. स्पंजने पाणी फिरवायचं आणि थांबायचं. गडद झालेला रंग मूळ रंगाकडे यायला लागला, पण हाताला अजून गार लागतंय, ती वेळ. आधी मारलं तर ठसा पसरट येतो, उशिरा मारलं तर उमटतच नाही. पावसाळ्यात काळू नदीकाठच्या दमट हवेत हे थांबणं चांगलंच लांबतं. मग रेषेवर काप, निम्म्या जाडीपेक्षा खोल नाही. कापाच्या एका बाजूने ठसे मारत जायचं, आणि दर ठोक्याला हत्यार स्वतःच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी सरकवायचं. नाहीतर पायऱ्या दिसतात.

हे सगळं मी व्हिडिओ बघून शिकतोय. पण आपल्याकडे हे ज्ञान शेकडो वर्षं होतं. कोल्हापूर, अथणी भागात बाभूळ-हिरड्याच्या पाण्याने भरलेली कातड्याची पिशवी टांगून ठेवायची पद्धत होती. पाणी आतून झिरपत झिरपत कातडं कमावलं जायचं. ते कमावायचं काम ढोर समाजाचं, चपला शिवायचं चर्मकारांचं. बारा बलुतेदारांत चर्मकार होता, कामाचा मोबदला सुगीला धान्यात. कोल्हापुरीत खिळा नाही, शिलाईसुद्धा चामड्याच्या वादीची. वेण्या आणि बारीक शिलाई बहुतेक ठिकाणी बायका करतात. मग ह्या लोकांना आपण 'इंजिनियर' का म्हटलं नाही?

इथे ते दुसरं कल्याण येतं. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरणांमध्ये हरळय्या नावाचा चर्मकार होता. आख्यायिका अशी की त्याने आणि त्याच्या बायकोने स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे करून बसवेश्वरांना दिले. पुढे हरळय्याच्या मुलाचं लग्न मधुवरस ह्या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी झालं. राजा बिज्जळाने दोघाही बापांना देहदंड दिला, कल्याणमध्ये उठाव झाला आणि शरण पांगले. जोडे पूजेला चालले, सोयरीक चालली नाही.

त्याच शरणांमधले कक्कय्या ढोर समाजाचे संत. त्यांच्या नावाचा रस्ता धारावीत आहे, आणि संत रोहिदास मार्गही तिथेच. १८८७ च्या सुमारास धारावीत पहिली टॅनरी आली. शहराला चामडं हवं होतं, वास नको होता, म्हणून ती तेव्हाच्या वेशीबाहेर. पुढे शहरच वेशीपलीकडे गेलं आणि टॅनऱ्या बाहेर गेल्या. शिवणकाम आणि दुकानं राहिली.

मी चामडं आणायला तिथेच जातो. एका दुकानातल्या काकांनी विचारलं, "नोकरी कुठे करता?" सांगितलं. तर म्हणाले, "आमचा मुलगाही कंप्युटरला आहे. त्याला ह्या धंद्यात येऊ दिलं नाही." मग शांतपणे माझं चामडं गुंडाळून दिलं.

परतीच्या लोकलमध्ये ते वाक्य डोक्यातून जाईना. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली जनावरं ओढणं सोडा असं आपल्या लोकांना सांगितलं होतं. कोणासाठी एखादं काम सोडणं हीच सुटका असते. मी ज्याला छंद म्हणतो तो माझ्यासाठी कधीच जन्माने आलेला नव्हता. मला तो सोडताही आला आणि परत धरताही आला, आणि मला कोणी पाणी लांबून वाढलं नाही. त्यामुळे 'तरुण पिढी ही कला सोडून चालली हो' असा गळा काढायचा मला तरी हक्क नाही.

मग कला टिकावी कशी? २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला मूळ न सांगता दाखवल्या. ओरड झाल्यावर कोल्हापूरचं ऋण मान्य केलं. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: २००० जोड इथे बनणार, किंमत सुमारे ८०० युरो. त्यातले कारागिराच्या हातात किती पडतील, खरा मुद्दा तोच. माझ्या मते त्या दुकानदार काकांच्या मुलाला कोडिंगइतके पैसे आणि तितकाच मान चामड्यात मिळाला, तर तो धंदा निवडेल किंवा नाही, पण निदान ती निवड असेल.

तोवर आपल्या हातात छोटीशी गोष्ट आहे. पुढची कोल्हापुरी घेताना घासाघीस करू नका. चामडं सालीत कमावलेलं आहे का, कोणी बनवली, कुठल्या गावची, हे विचारा. आणि एकदा कोणाकडून तरी ओल्या चामड्याचा तुकडा घेऊन एक सरळ रेघ ठोकून बघा. घासाघीस करायची इच्छा आपोआप जाते.