जखम बुजविणारे जनुक

उजव्या हाताची मधली तीन बोटे जुळवून एकावर एक अशी उभी धरा आणि वरच्या व खालच्या दातांच्या मध्ये घालून पाहा. धडधाकट माणसाच्या तोंडात ती सहसा मावतात. आता वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या बाजाराच्या गावी, कारंजाला म्हणा की रिसोडला, पानठेल्यापाशी उभ्या असलेल्या मंडळींना हीच परीक्षा द्यायला सांगा. कोणाची दोनच बोटे गेली, कोणाचे एकच गेले, तर नवल वाटून घेऊ नका. असा माणूस आपली हकीकत बहुधा एकाच क्रमाने सांगतो. आधी ठेचा झोंबू लागला. (वऱ्हाडातल्या माणसाला ठेचा झोंबावा, ही काय साधी गोष्ट झाली?) मग गालाची आतली बाजू पांढुरकी व ताठर झाली. मग भाकरीचा घास मोडून लहान करावा लागला. आता जांभईसुद्धा पुरती देता येत नाही.

ह्याचे मूळ खर्ऱ्यात आहे, हे बहुतेकांस ऐकून ठाऊक असते. सुपारीची कातरण, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला हा पदार्थ आमच्या विदर्भात चहाइतका सर्रास झाला आहे. परंतु सुपारी चघळली म्हणून तोंड का मिटावे, आणि मिटलेल्या तोंडात पुढे कॅन्सर का व्हावा, ह्याचे उत्तर शोधता शोधता शास्त्रज्ञ आपल्या सर्वांच्या शरीरात असलेल्या एका जनुकापर्यंत जाऊन पोहोचले. ती वाट कशी सापडली, ते आज सांगावयाचे आहे.

जर्मनीतील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ रुडोल्फ फिर्शो ह्यांना १८६३ च्या सुमारास कॅन्सरच्या गाठींत रक्तातल्या पांढऱ्या पेशींची गर्दी आढळली. जिथे दीर्घकाळ दाह चालतो तिथे कॅन्सर उपजतो, असा तर्क त्यांनी केला. दाह म्हणजे काय, ते सांगावयास नको. काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते, तोच हा प्रकार. ह्या तर्काची पुढे कित्येक वर्षे फारशी कोणी विचारपूस केली नाही.

आपल्याकडे मात्र त्याला पोषक असा पुरावा हळूहळू जमत होता. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईस टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले व त्याच्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्याकडे आली. खानोलकरांची दृष्टी मोठी चौकस. रोगी काय खातो, काय ओढतो, धोतर कसे नेसतो, हे सारे ते विचारीत. धोतराची गाठ वर्षानुवर्षे एकाच जागी काचत राहिल्याने कमरेवर होणाऱ्या कॅन्सरची नोंद त्यांनी व सूर्याबाईंनी १९४५ साली केली. जी जागा रोज दुखावली जाते ती एक दिवस बिघडते, हाच त्यातला धागा.

तोंड मिटण्याच्या विकाराला वैद्यकात नाव मिळाले ते परदेशात. श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी १९५२ साली आफ्रिकेतील केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांत तो पाहिला व त्यास लांबलचक लॅटिन नाव दिले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी ह्यांनी आपल्याकडच्या रोग्यांवरून त्याचे वर्णन केले. १९६६ साली कोपनहेगनचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या कॅन्सर संशोधन संस्थेतील डॉ. सत्यवती सिरसाट ह्यांनी त्याचे स्वरूप निश्चित केले. अस्तराच्या लगेच खाली आधी दाह होतो आणि त्या दाहामागून तंतू माजतात, हे त्यांनी दाखविले. आज डॉक्टरमंडळी वापरतात ती व्याख्या त्यांचीच. पण तंतू माजविणारा कोण, हे कळावयास अजून बराच अवकाश होता.

तो सापडला अगदी भलत्याच दाराने. १९७८ साली अमेरिकेत डी लार्को आणि टोडारो हे दोघे कॅन्सरग्रस्त पेशींतून पाझरणाऱ्या द्रवाचा अभ्यास करीत होते. तो द्रव निरोगी पेशींना दिला की त्याही कॅन्सरच्या पेशींसारख्या वागू लागत. म्हणून त्यातल्या द्रव्याचे नामकरण झाले रूपांतरकारी वृद्धिघटक. पुढे ती दोन द्रव्ये ठरली, आल्फा आणि बीटा. बीटाचा पाठपुरावा अनिता रॉबर्ट्स व मायकेल स्पोर्न ह्यांच्या मंडळाने केला आणि १९८३ साली ते शुद्ध स्वरूपात हाती आले. कशातून? तर माणसाच्या रक्तातल्या बिंबिकांतून! बिंबिका म्हणजे जखम झाली की सर्वांआधी धावून जाणारे, रक्त थांबविणारे कण. चोर म्हणून ज्याला धरले तो गावचा वैद्य निघाला. १९८५ साली त्याचे मानवी जनुक वाचले गेले. ते आपल्या एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. पुढच्या वर्षी रॉबर्ट्सबाईंनी हे द्रव्य उंदराच्या पिल्लांच्या कातडीखाली टोचून पाहिले, तेव्हा दोनतीन दिवसांतच तिथे जखमेच्या भरावासारखा तंतूंचा थर धरला.

हे जनुकच नसेल तर काय होईल? त्याचे उत्तर अमेरिकेतच दोन मंडळांनी शोधले. पैकी १९९३ च्या निबंधावर पहिले नाव आहे ते अशोक कुलकर्णी ह्यांचे. हे जनुक काढून टाकलेली उंदराची पिल्ले जन्मतः ठीक दिसत, मात्र तीनचार आठवड्यांत खंगून मरत. हृदय, फुप्फुसे, सगळीकडे दाह पेटलेला! शरीराची फौज शरीरावरच उलटली होती. २०१८ साली अशी काही मुलेही आढळली, की ज्यांच्या ह्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. त्यांच्या आतड्यांत तान्हेपणापासूनच तीव्र दाह होता आणि मेंदूलाही इजा पोहोचली होती. म्हणजे हे जनुक कमी पडले तर दाह आवरत नाही, आणि अतोनात झाले तर तंतूंचे दोर वळत बसते.

आता पुन्हा सुपारीकडे येऊ. सुपारीतल्या द्रव्यांनी गालाच्या अस्तरातील पेशींमध्ये हेच द्रव्य जागे होते, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कोंडय्या व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखविले. मग ते अस्तराखालच्या पेशींना हुकूम सोडते: जखम झाली आहे, तंतू विणा, आणि जुने तंतू मोडू नका. सुपारीत तांबेही असते, त्याने तंतूंची वीण अधिकच घट्ट होते. एकदा पडलेली जखम असती तर आठवडाभरात काम संपले असते. परंतु खर्ऱ्याची पुडी दिवसातून पाचदहा वेळा सुटते. जखम रोज नवी, त्यामुळे हुकूमही रोज नवा.

कॅन्सरशी ह्या जनुकाचे नाते दुटप्पी आहे. निरोगी अस्तरात ते पेशींची वाढ रोखून धरते, गाडीच्या ब्रेकासारखे. परंतु पेशी एकदा बिघडली की तिला हा हुकूम ऐकू येईनासा होतो. उलट त्याच द्रव्याच्या आडोशाने ती शरीराच्या फौजेपासून लपते आणि शेजारच्या भागांत घुसते. केरळात एर्नाकुलम भागातील अशा ६६ रोग्यांवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी सतरा वर्षे लक्ष ठेवले. त्यांतील पाचांना तोंडाचा कॅन्सर झाला. १९८५ साली हे प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाच, तंबाखू नसली तरी, निश्चित कॅन्सरकारक ठरविले. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली; हाताने घोटलेला खर्रा मात्र मिळतच राहिला.

“आमचा आजा जन्मभर सुपारी खात होता, त्याला काय झालं?” असे पुष्कळजण विचारतात. आज्याचे जनुक निराळे असेल काय? ह्या जनुकातील बारीकसारीक भेदांवरून रोग कोणाला होईल, हे ओळखण्याचे प्रयत्न झाले. त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. आज्याच्या पानात सुपारीची चार खांडे असत, नातवाच्या पुडीत बहुतेक सुपारीच असते, हा फरक मला अधिक बोलका वाटतो.

मग हे द्रव्यच बंद करणारे औषध का देऊ नये? तसे एक औषध कॅन्सरच्या काही रोग्यांना देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्यातील काहींच्या कातडीवर नव्याच गाठी उठल्या! ब्रेकच काढून घेतला, दुसरे काय होणार? म्हणून मिटलेल्या तोंडावर आजही उपचार आहेत ते साधेच. पुडी आधी सोडावी लागते. गालात औषधाच्या सुया टोचतात, फारच मिटले तर शस्त्रक्रिया करून पट्टे कापतात. आणि मलईबर्फाच्या कांड्यांसारख्या लाकडी पट्ट्या देतात. त्या एकावर एक रचून दातांत धरावयाच्या, दिवसातून कितीदा तरी, आणि जमेल तशी त्यांत एकेक पट्टी वाढवीत जावयाची.