कंट्रोलचे दुकान : कर्जत-खालापुरातील शिध्याची वाटचाल

बोरघाटाच्या पायथ्याचे कर्जत आणि खालापूर हे तालुके भाताचे. उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांत खाचरांमागून खाचरे पसरलेली, कर्जतचे भात संशोधन केंद्र 1919 पासूनचे. अशा मुलखात तांदूळ विकायला सरकारमान्य दुकान लागावे, हे परक्याला नवल वाटेल. पण जुनी माणसे ज्याला आजही ‘कंट्रोलचे दुकान’ म्हणतात, ते रास्त भाव दुकान इथल्या वाड्या-वस्त्यांच्या पोटापाण्यात शाळेइतकेच पक्के रुजले आहे. त्याची सुरुवात दुसऱ्या महायुद्धात झाली.

युद्धापूर्वी खेड्यातला व्यवहार वाण्याच्या दुकानावर आणि आठवड्याच्या बाजारावर चाले. मीठ, मिरची, रॉकेल, काडेपेटी आणि वर्षाचे लुगडे-धोतर एवढीच बाहेरची गरज. भात घरचे असे, पण ते घरात टिकत नसे. खंड देऊन आणि सावकाराचे फेडून उरलेले धान्य पुढच्या पावसाळ्यापर्यंत संपे. मग आवणीच्या दिवसांत भात उसने आणायचे आणि सुगीला सवाईने, दिढीने परत करायचे. ठाकर आणि कातकरी वाड्यांना तर तेही दुर्मीळ. त्यांचा पावसाळा कंदमुळांवर आणि रानभाजीवर जाई.

1939 च्या सप्टेंबरात युद्ध सुरू झाले आणि त्याची झळ पहिल्यांदा दुकानाच्या फळीवर दिसली. रॉकेल कमी झाले, कापड महागले, खिळे आणि पत्रे लष्कराकडे वळले. खरा घाव 1942 च्या मार्चमध्ये बसला. रंगून जपानच्या हाती गेले आणि हिंदुस्थानात दरसाल येणारा सुमारे 15 लाख टन ब्रह्मी तांदूळ थांबला. त्या तांदळावर पोसली जाणारी मुंबई आता आजूबाजूच्या जिल्ह्यांच्या भाताकडे पाहू लागली. रेल्वेच्या वाटेवरचे कर्जत आणि नेरळ तिच्या हाताशीच होते.

त्याच सुमारास सुट्या नाण्यांची टंचाई झाली. दुकानदार मोडीऐवजी टपालाची तिकिटे देत. 1943 मध्ये सरकारने तांबे-कांसे वाचवण्यासाठी मधोमध भोक पाडलेला पैसा काढला. गिऱ्हाईक पावशेर मीठ घ्यायला येई आणि मिठापेक्षा मोडीचीच अडचण मोठी ठरे. युद्ध हजारो मैलांवर असले तरी ते असे गल्ल्यापर्यंत येऊन पोहोचले होते.

या काळात स्थानिक पातळीवर एक प्रयत्न झाला. कर्जत-खालापूरच्या शिध्याच्या इतिहासात त्याला पहिले स्थान द्यायला हवे. 1 डिसेंबर 1912 रोजी माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात जन्मलेले आणि पुढे वकील झालेले विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी 1941 च्या सुमारास कर्जत भागातल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभ्या केल्या. सावकाराच्या दिढीपुढे हात पसरण्याऐवजी गावाने गावाचे धान्य साठवावे आणि अडल्या घराला द्यावे, ही त्यामागची दृष्टी. टंचाईच्या वर्षांत या कोठ्यांनी अनेक घरे तारली. पुढे ‘चले जाव’च्या आंदोलनात कोतवालांचा आझाद दस्ता मुंबईच्या गिरण्यांना वीज नेणारे मनोरे पाडू लागला. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.

त्यानंतर बरोबर चार महिन्यांनी, 2 मे 1943 रोजी, मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. देशातल्या मोठ्या शहरांत हा पहिला प्रयोग. त्याच वर्षी बंगालात लाखो माणसे उपासमारीने मेली. ती वेळ मुंबईवर आली नाही, याचे मोठे श्रेय या व्यवस्थेला द्यावे लागते. शहरात घरटी शिधापत्रिका, माणशी ठरलेला शिधा आणि ठरलेला भाव. खेड्यात मात्र लेव्ही. शेतकऱ्याने ठरवून दिलेला वाटा सरकारी दराने घातलाच पाहिजे, असा नियम झाला. ही बाजू कडवट होती, आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. शहर जगवणाऱ्या व्यवस्थेचा पहिला भार भात पिकवणाऱ्याच्या खळ्यावर पडला. 1946 च्या आरंभी धान्य आणखी आटले तेव्हा माणशी रोजचा शिधा 12 औंसांवर आला. खेड्यांत तर धान्यापेक्षा कापडाची आणि रॉकेलची ददात अधिक. 1943 च्या जूनमध्ये कापडावर नियंत्रण आले, आणि ‘कंट्रोलचे कापड’ हा लग्नघरांतला नेहमीचा विषय झाला.

युद्ध संपले, तरी दुकान संपले नाही. 1947 च्या डिसेंबरात नियंत्रणे उठवण्याचे धोरण आले, किमती उसळल्या आणि वर्ष उलटण्याआधीच बहुतेक बंधने परतली. 1954 पर्यंत धान्यावरची नियंत्रणे पुन्हा सुटली. 1955 मध्ये मात्र जीवनावश्यक वस्तू कायदा आला आणि त्याच्याच आधाराने रास्त भाव दुकाने पुन्हा उभी राहिली. दरम्यान 1948 चा कूळकायदा आला. 1 एप्रिल 1957 या कृषकदिनाने कसणाऱ्या कुळांना जमिनीची मालकी मिळण्याचा मार्ग मोकळा केला. तरीही ज्यांच्या नावावर गुंठाही नव्हता, त्या वाड्यांसाठी दुकानाचाच आधार उरला.

1 ऑक्टोबर 1958 पासून दशमान वजने आली. पायलीवर शीग चढवून भात मोजायची सवय असलेल्या घरांना तागडीतला किलो आधी तुटपुंजा वाटला. तोलणाऱ्याने काटा दाखवायचा आणि घेणारीने तो डोळ्यांनी पाहायचा, हा रिवाज मात्र याच दुकानांनी घातला. तो छोटा हक्क होता, पण मापात मार खाल्लेल्या माणसाला त्याची किंमत कळत होती.

पुढची दोन युद्धेही दुकानाला मोठे करून गेली. 1962 च्या चिनी आक्रमणानंतर केंद्राने ग्राहक सहकारी भांडारांची योजना हाती घेतली. 1965 च्या 14 जानेवारीला भारतीय अन्न महामंडळ सुरू झाले. त्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध झाले, आणि लालबहादूर शास्त्रींच्या आवाहनावरून घरोघरी सोमवारी रात्री चूल पेटेनाशी झाली. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या दुकानांत अमेरिकेचा लाल मिलो आला. तो मिलो कोणाला आवडला नाही, पण त्यावर माणसे जगली. त्याच वर्षी मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या मागे मुंबईच्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. दुकानावर वचक बसला तो अशा बायकांमुळे. निरीक्षकाच्या दप्तराने तेवढा बसला नसता.

आदिवासी वाड्यांची कथा वेगळी चालली. पावसाळ्यातल्या उपासमारीवर सरकारने खावटी कर्जाची योजना आणली. कर्जत तालुक्यातल्या कशेळे येथील अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने ठाकर-कातकरी वाड्यांत धान्यबँका चालवल्या. पावसाळ्यात धान्य न्यायचे, सुगीला थोडे वाढवून परत करायचे, आणि कोठार वाडीचेच. कोतवालांच्या धान्यकोठ्यांशी या बँकांचे नाते उघड आहे, मग ते कोणी बोलून दाखवले असो वा नसो. दुकान आणि कोठार यांनी एकमेकांची उणीव भरून काढली: दुकानाकडे पुरवठा होता, कोठाराकडे विश्वास.

1 जानेवारी 1981 पासून या तालुक्यांचा कुलाबा जिल्हा रायगड झाला. 1997 च्या जूनपासून गरीब घरांवर रोख ठेवणारे लक्ष्याधारित वितरण आले. 1 मे 1999 पासून महाराष्ट्रात तिरंगी शिधापत्रिका सुरू झाल्या. 15 हजारांपर्यंत वार्षिक उत्पन्नाला पिवळी, एक लाखापर्यंत केशरी, त्यापुढे पांढरी. 2000 च्या अखेरीस अंत्योदय योजनेने सर्वांत गरीब घरांना वेगळे स्थान दिले. आज त्यांना महिन्याला 35 किलो धान्य मिळते. या वर्षांत दुकानाची बदनामीही झाली. बनावट पत्रिका, उघडे-बंद राहणारे दुकान, पावसात भिजलेला माल, काळ्या बाजारात गेलेले रॉकेल या तक्रारी खऱ्या होत्या. पण दुकान बंद करा, असे वाड्यांनी कधी म्हटले नाही. ते वेळेवर उघडा, एवढीच त्यांची मागणी होती.

1 फेब्रुवारी 2014 पासून राज्यात राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा लागू झाला. तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये किलो, माणशी महिन्याला 5 किलो, आणि राज्यातल्या सुमारे सात कोटी माणसांचा त्यावर कायद्याने हक्क. ज्या व्यवस्थेने एकेकाळी कुलाब्याचा भात लेव्हीने नेला, तीच आता दूर राज्यांतला गहू-तांदूळ माथेरानच्या डोंगरउतारावरच्या वाडीत आणू लागली. शिध्याची ही उलटलेली दिशा या संस्थेची सर्वांत मोठी मिळकत आहे.

मग दुकानात अंगठ्याचा ठसा घेणारे पॉस यंत्र आले. वीटभट्टीवर राबणाऱ्या कातकरी बाईच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र अंगठा ओळखत नाही, ती पदराला बोट पुसते, पुन्हा ठेवते, पुन्हा. डोंगराआड रेंजही नसते. पण याच यंत्रामुळे शिधापत्रिकेची पोर्टेबिलिटी शक्य झाली. दिवाळीनंतर भट्टीवर स्थलांतर करणारे कुटुंब आता मुक्कामाच्या गावीही आपला शिधा उचलू शकते. पूर्वी सहा-सात महिन्यांचा शिधा गावीच बुडत असे.

2020 च्या एप्रिलपासून, टाळेबंदीत, मोफत धान्य वाटले गेले. दुकानदार, हमाल, गोदामपाल, पुरवठा खात्याचे कर्मचारी यांनी तोंडाला फडके बांधून काटा चालू ठेवला. त्यांचे हे काम फारसे नोंदले गेलेले नाही. 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धाने खाद्यतेल कडाडले. त्या दिवाळीला राज्याने 100 रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असा आनंदाचा शिधा दिला. 1 जानेवारी 2023 पासून अन्नसुरक्षेखालचे धान्य पूर्ण मोफत झाले.

आज अनेक ठिकाणी दुकान बचतगटाच्या बायका किंवा विविध कार्यकारी सोसायटी चालवते. रॉकेलच्या पिंपांची जागा रिकामी झाली आहे, शेराची मापे माळ्यावर गेली आहेत. लग्न होऊन वेगळ्या झालेल्या मुलांची नवी पत्रिका, आधारशी न जुळलेले नाव, वाडीपासून दुकानापर्यंतची पायपीट ही कामे अजून शिल्लक आहेत, आणि तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत त्यांचे अर्ज येत राहतात.